चौघांचा पैरा

सहकार म्हणजे काय, असं गुणमालानं आठवीच्या वर्गात विचारलं, तेव्हा साईराज उभा राहिला आणि म्हणाला, साखर कारखाना. वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना उत्तर बरोबरच वाटलं. गुणमालालाही ते चूक म्हणायची सोय नव्हती. तिचं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठच्या उसातलं. लहानपणापासून तिनंही सहकार म्हणजे सभासद, संचालक आणि गाळप एवढंच ऐकलेलं. आता माण तालुक्यातल्या या कोरड्या गावात ती मराठी शिकवायला जूनमध्ये बदलून आली होती, आणि साताऱ्याच्या प्रशिक्षणात जे ऐकलं ते सगळं तिला इथं करून बघायचं होतं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं ते असं. भाषा नुसती ऐकून येत नाही. बोलून, विचारून, दुसऱ्याला समजावून येते. म्हणून चौघाचौघांचे गट करायचे. एक हुशार, एक कच्चा, दोन मधले. एकानं धडा वाचायचा, एकानं लिहायचं, एकानं शंका काढायच्या आणि एकानं वर्गापुढं उभं राहून सांगायचं. गुण गटाला, म्हणजे चौघांना सारखेच. आणि दर आठवड्याला कामं बदलायची. प्रशिक्षण संपलं की बहुतेक शिक्षक फाइल कपाटात टाकतात आणि चहाचा कप कचऱ्यात. गुणमाला मात्र खरोखर भारावून आली होती. इतकी वर्षं फळ्याजवळ उभं राहून ती एकटीच बोलत आली होती, आणि तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

पण आता कारखान्यापाशी गाडी अडली. मग तिला एकदम सुचलं.

‘‘पेरणीला तुमच्याकडं पैरा करतात का रे?’’

सगळ्या वर्गाला कंठ फुटला. पैरा कुणाला माहीत नाही? आज यांच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या त्यांच्या. ज्याला पेरायची पाभर धरता येते त्यानं पाभर धरायची, ज्याला येत नाही त्यानं ढेकळं फोडायची. पैशाचा व्यवहार नाही, पण दुसऱ्यानं आपलं केलेलं काम फेडायचं. जो फेडत नाही त्याच्या रानाकडं पुढच्या साली कुणी फिरकत नाही. गुणमाला म्हणाली, बस्स, तसंच करायचं. धडा म्हणजे रान समजा आणि चौघांनी मिळून काढा. मुलांना ते एका क्षणात समजलं. इतकं नीट समजलं, की पुढं तेच भोवलं.

महिनाभरात वर्गाचं रूप पालटलं. मागच्या बाकांवर डुलक्या घेणारी पोरं डोक्याला डोकं लावून कुजबुजायला लागली. त्यातही एक गट सगळ्यांच्या पुढं होता. प्रांजल, दुकानदाराची मुलगी, स्पष्ट वाचायची. शिवतेजचं अक्षर वळणदार होतं. साईराजच्या शंकांना तर अंतच नव्हता. आणि उभं राहून सांगायची ती शिवांजली.

शिवांजली मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील तानाजी मुंबईला माथाडी कामगार; घरची मेंढरं चुलता गुंडा बघायचा. दिवाळीनंतर त्याचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि बिऱ्हाड असा सगळा चालता संसार, कृष्णाकाठाकडं उतरायचा तो पावसाळ्याच्या तोंडालाच परत यायचा. लहानपणी शिवांजली बऱ्याचदा त्याच्याबरोबर जायची, त्यामुळं प्रत्येक इयत्तेचं तिचं अर्धं वर्ष पाण्यात गेलेलं. नापास कुणालाच करत नाहीत, म्हणून ती आठवीपर्यंत आली होती. तिच्या कपड्यांना मेंढरांचा वास येतो म्हणून तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे, हे गुणमालाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मुद्दाम तिनं तिला प्रांजलच्या गटात घातलं. आणि ही पोर उभी राहिली की धड्यातली म्हातारी, धड्यातला फौजदार, धड्यातली नदी, सगळं डोळ्यांपुढं आणायची. पोरं टाळ्या पिटायची. गुणमालाचा ऊर भरून यायचा. दर आठवड्याला कामं बदलायची, हे तिला आठवत होतं. पण जे इतकं छान जमलंय त्याला हात कशाला लावा, असं वाटून ती ते पुढं ढकलत राहिली.

पोरीपुढं संकटही होतं. गुंडाच्या बायकोची कंबर धरली होती, तिला आता भाकऱ्या थापणं, कोकरं सांभाळणं जमत नव्हतं. या दिवाळीनंतर वाड्याबरोबर शिवांजलीनं जायचं, कायमचंच, असं घरात ठरत आलं होतं. हे कळल्यावर गुणमाला शाळेतून तडक त्यांच्या वस्तीवर गेली. साताऱ्यात एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. भटकंती करणाऱ्या घरांतल्या मुलींना ते दिवाळीच्या आधी घेत, राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट. फक्त तोंडी परीक्षा होती. गुणमालानं शिवांजलीच्या आईला, शालूबाईला, सगळं समजावलं. शालूबाईनं मुंबईला फोन लावून दिला. तानाजी पलीकडून म्हणाला, जागा मिळाली तर शिकू दे, न्हाईतर जाऊ दे गुंडाबरोबर, भावाची आबाळ मला बघवत न्हाई. त्याचंही चूक नव्हतं. गुणमालानं दोघांनाही छातीठोक सांगितलं की पोरीला सगळं येतं, वर्गात तिच्या गटाचा पहिला नंबर आहे, जागा मिळालीच म्हणून समजा.

त्यानंतरच्या एका रविवारी ती मतदारयादीच्या कामाला म्हणून माळापलीकडच्या वस्तीवर निघाली होती. शिक्षकाला शिकवण्याखेरीज जी शंभर कामं असतात त्यांतलं हे एक. टेकाडाच्या उतरणीला शिवांजली मेंढरं राखत होती, आणि मेंढरांत शेरडंही होती. शिवांजलीच्या घरी शेरडं नाहीत हे त्यांच्या वस्तीवर जाऊन आल्यामुळं गुणमालाला ठाऊक झालेलं. तिनं सहज विचारलं, ही कुणाची?

‘‘ही दोन प्रांजलची. ती बांडी साईराजची आन् पल्याडची काळी शिवतेजची.’’

‘‘तू कशाला राखतेस त्यांची?’’

‘‘पैरा हाय न्हवं, मॅडम,’’ शिवांजली म्हणाली. तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. ‘‘माझं वाचायचं, लिव्हायचं त्यांनी करायचं. मी ऐतवारी त्यांची शेरडं हिंडवायची. सांगायचं तेवढं मला येतं, म्हणून ते माझ्याकडं. तुमीच सांगितलं व्हतं की, ज्याला जे येतं त्यानं ते करायचं.’’

समोर वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर निळ्या रंगात योजनेचं नाव लिहिलं होतं. गुणमाला म्हणाली, ते वाच बरं. शिवांजलीनं टाकीकडं बघितलं, मग मॅडमकडं, मग परत टाकीकडं. क, म, र अशी मधलीमधली अक्षरं तिनं बोटानं हवेत दाखवली. मग अगदी मनापासून म्हणाली, ‘‘तुमी एकदा वाचून दाखवा, मग मी समदं सांगते.’’

गुणमाला दगडावर बसली. तिला आता सगळं उलगडलं. प्रांजल हळू आवाजात धडा वाचायची, ही एकदा ऐकायची आणि त्यात आपले रंग भरून सांगायची. लेखनाचा कागद गटाचा एकच, अक्षर शिवतेजचं. गुण चौघांना सारखे. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. उलट पोरांनी सांगितलं तसंच, अगदी इमानानं केलं होतं. रान निघालं होतं, फक्त चौघांतल्या एकीला पाभर धरायला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण पैऱ्यात कुणी कुणाला शिकवत नाही.

उद्यापासून मी तुला वेगळं बसवून शिकवते, असं ती म्हणाली, तेव्हा मात्र शिवांजलीचा चेहरा पडला. ती काठीनं माती उकरायला लागली.

‘‘गट मोडू नगा, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याशेजारी आदी कुणी बसत नव्हतं.’’

दुसऱ्या दिवशी गुणमाला मुख्याध्यापकांकडं गेली. गट बदलायचे, कामं बदलायची, आणि काही मुलांना रोज वाचायला बसवायचं, असं तिनं सांगितलं. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला आलेला होता आणि त्याला शेवटचं वर्ष कौतुकात काढायचं होतं. पुढच्या आठवड्यात तालुक्याचे साहेब गटपद्धती बघायला येणार होते, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार होते. एवढी घडी बसलीय, पाहणी होईपर्यंत मोडू नका, असं तो म्हणाला. गुणमालाला वाद घालता आला असता. तिनं घातला नाही. खरं बोलायचं तर तिलाही साहेबांपुढं तो वर्ग दाखवायचाच होता. आपण काहीतरी केलं आणि ते चार लोकांनी बघितलं, हे सुख नोकरीत तिला एकदाही मिळालं नव्हतं. परीक्षेला अजून वेळ आहे, असं तिनं मनाला समजावलं, आणि मन लगेच समजलं.

पाहणी झकास झाली. शिवांजली उभी राहिली आणि धडा सांगताना तिनं साहेबांना असं हसवलं की त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, ते शिक्षकांच्या ग्रुपवर तालुकाभर फिरलं. साहेब जाताना गुणमालाला म्हणाले, मॅडम, असं पाहिजे. गुणमालानं हात जोडले. शिवांजली कोपऱ्यात उभी राहून तिच्याकडं बघून हसली. गुणमालानंही तोंडावर हसूच ठेवलं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. सहामाही आली, केंद्राच्या क्रीडास्पर्धा आल्या, यादीचं काम पुरं होईना. शाळा सुटल्यावर गुणमाला शिवांजलीला बसवायची, पण थोड्याच वेळात कोकरं पाजायची वेळ झाली म्हणून पोर उठायची. काना-मात्रा जमायला लागल्या. जोडाक्षर आलं की ती थांबायची आणि मॅडमच्या ओठांकडं बघायची. एवढ्यात दिवाळी तोंडावर आली.

परीक्षेला त्या तिघी एसटीनं साताऱ्याला गेल्या. शालूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि वसतिगृहाच्या बाईंसाठी शेंगा भाजून आणल्या होत्या. तोंडी परीक्षा एका लहान खोलीत होती, दार उघडंच होतं. बाई मायाळू होत्या. त्यांनी शिवांजलीला नाव विचारलं, गाव विचारलं, मेंढरांची माहिती विचारली. शिवांजली रंगात येऊन बोलली. बाहेर बाकावर शालूबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग बाईंनी पुस्तक उघडून पुढं सरकवलं आणि एक पान वाचायला सांगितलं.

बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. शिवांजलीनं मान वळवून दाराकडं बघितलं. तिथं प्रांजल नव्हती, साईराज नव्हता, शिवतेज नव्हता. गुणमाला होती, आणि गुणमालानं नजर खाली घातली.

‘‘कुणीतरी एकदा वाचून दाखवा,’’ आतून आवाज आला, ‘‘मग मी समदं सांगते.’’

बाईंनी नंतर गुणमालाला बाजूला घेतलं. इथल्या वर्गांत पोरीचा निभाव लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण पोर तल्लख आहे. जानेवारीअखेरपर्यंत एक जागा मी रिकामी ठेवते, एक पान स्वतःचं स्वतः वाचायला लागली की आणा, परीक्षाबिरीक्षा काही घेणार नाही. त्यांच्या हातात असलेल्या कागदावर गुणमालानंच मराठीपुढं वर्गातले सगळ्यात वरचे गुण भरलेले होते. बाईंनी त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, आणि ते गुणमालाला जास्त लागलं.

शालूबाईला समजेना. स्टँडवर ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, ‘‘तिला तर समदं येतं, मॅडम. तुमीच सांगितलं व्हतं की.’’ एसटीत बसल्यावर शालूबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि पहिला तुकडा गुणमालापुढंच धरला. शेंगांची पिशवी द्यायची राहूनच गेली होती. ती तिनं दहिवडी आल्यावर गुणमालाच्याच हातात दिली.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वाडा गेलेला होता. गुणमालानं शहाण्यासारखं सगळं आता केलं. कामं बदलली, प्रत्येकाकडून वाचून घेतलं, प्रत्येकाच्या अक्षरात लिहून घेतलं. शिवांजलीसारखी आणखीही काही मुलं निघाली. वर्गात पहिल्यासारख्या टाळ्या होईनात, आणि मुख्याध्यापक म्हणाले, पहिलंच बरं चाललं होतं. प्रांजलचा गट तिघांचाच राहिला. त्यांच्यात कुणाला घालू, असं तिनं विचारलं तर प्रांजल म्हणाली, कुणाला नको. आणि खाली बघून वहीला रेघा मारत बसली.

जानेवारीत गुणमालाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला झालं, म्हणून ती रजा काढून माहेरी गेली. ऊस तुटून गेला होता. धाकटा भाऊ जिनेंद्र म्हणाला, आक्का, यंदा तुटल्या उसाच्या खोडव्यात मेंढरं बसवलीत, खताचं काम झालं. तिनं नुसतं हं केलं. संध्याकाळी घरची जेवणं चालू होती. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत ताटं उठलेली असतात. मागच्या दाराला कुणीतरी ताक मागायला आलं. भावजय भाग्यश्री तांब्या घेऊन गेली, आणि तिच्या खांद्यावरून गुणमालाला शिवांजली दिसली.

ती वाळली होती. हात भाकरीच्या जाळानं पोळलेले, केस तेलाविना तांबडे. मॅडमना बघून आधी ती दचकली, मग तोंडभर हसली.

‘‘गटात आता चौथं कोन हाय?’’ तिनं पहिलं हेच विचारलं.

‘‘कुणी नाही. तिघंच बसतात.’’

‘‘जागा ठिवली व्हय,’’ ती म्हणाली, आणि ताकाचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

गुणमालाच्या डोक्यात एकच गोष्ट आली. जानेवारी संपायला अजून आठवडा होता. साताऱ्याच्या बाईंनी जागा धरून ठेवली होती. रजा आहे तोवर रोज संध्याकाळी बसवलं तर एक पान काही अवघड नाही, पोर निम्मं शिकलेलीच आहे. तिनं ते तिथंच मागच्या दारात सांगितलं. वाड्याचं काम उरकून रोज ये, मी शिकवते. पान वाचलंस की मी तुझ्या चुलत्याशी बोलते आणि तुला साताऱ्याला पोचवते.

शिवांजलीचे डोळे चमकले आणि लगेच विझले.

‘‘मग मी तुमचं काय करू?’’

‘‘माझं काय करायचंय? काही नको.’’

‘‘तसं कसं, मॅडम? तुमी माझं करणार, तर मला फेडाय पायजे न्हवं? फेडल्याबिगर न्हाई जमायचं मला.’’

आणि लगेच ती मोरीत शिरून जेवणाची भांडी घासायला बसली. गुणमाला तिला उठवत होती तर भाग्यश्री म्हणाली, राहू दे की आक्का, तिच्या मनाला बरं वाटतंय. भाग्यश्रीच्या हाताखाली माणूस नव्हतं, तिला बरं वाटणं साहजिक होतं. गुणमालाला वाटलं, आपणच एकदा या पोरीला हे शिकवलं, आता तोंडानं कितीही नको म्हटलं तरी ते पुसलं जाणार नाही. पोरीला सांगायचं होतं की काही गोष्टी फेडायच्या नसतात. पण ज्या बाईच्या शब्दावर तिनं माळावर लोकांची शेरडं राखली होती, त्याच बाईनं आता हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

भांडी झाली. भाच्याचं मराठीचं पुस्तक घेऊन दोघी पडवीत दिव्याखाली बसल्या. त्या संध्याकाळी शिवांजली मॅडमच्या ओठांकडं बघायची तेव्हा गुणमाला तोंड पदरानं झाकून घ्यायची. पोर आधी हसली, मग चिडली, मग पुस्तकाकडं वळली. दुसऱ्या संध्याकाळी भांडी घासून, गोठा झाडून ती आली, आणि बोट ठेवत ठेवत तिनं एक आख्खी ओळ वाचली. ‘सकाळी सगळी मुलं नदीवर गेली.’ आधी कुणीही वाचून न दाखवता. मग तिनं तीच ओळ पुन्हा वाचली, जणू कुणी मध्येच बदलली तर नाही ना, याची खात्री करून घेत होती. कॉटवर डोळ्याला पट्टी बांधून पडलेली आई म्हणाली, पोर वाचायला लागली गं. गुणमालाला रडूच फुटलं. उद्या जोडाक्षरं घेऊ, असं ती म्हणाली. परवा पान पुरं होईल.

तिसऱ्या दिवशी आईला सांगलीला तपासायला न्यायचं होतं. जिनेंद्र नेणारच होता, पण आईनं गुणमालाचाच हात धरला, म्हणून ती गेली. दवाखान्यात रांग मोठी होती, डॉक्टर उशिरा आले. सारा वेळ गुणमाला मनात जोडाक्षरांचे सोपे शब्द जमवत होती. रस्ता, पत्र, कष्ट, स्वच्छ. गावात उतरली तेव्हा दिवस कलला होता. वळणावरून तिनं सवयीनं रानाकडं बघितलं. मेंढरं कोंडायची जाळी नव्हती, घोडी नव्हती, कुत्री भुंकली नाहीत. खोडव्यात पाण्याचे पाट चमकत होते.

जिनेंद्र फावडं धुवत होता. त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं. पाण्याची पाळी अचानक आज आली, मग मेंढरं ठेवून कसं चालेल? दुपारी गुंडाला सांगितलं, त्याला पलीकडं कर्नाटकातल्या कुणाचं बोलावणं होतंच, उठला आणि गेला. गुणमालानं त्याच्याकडून गुंडाचा नंबर घेतला. पहिल्यांदा लागला नाही. मग लागला तेव्हा मागं घुंगरांचा आणि मेंढरांचा गलका होता. तिनं साताऱ्याच्या जागेचं, एका पानाचं, सगळं घाईघाईनं सांगितलं. गुंडानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘तुमचं खरं हाय, मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘पन माझी बायको हातरुणावर हाय. पोरगी दिली तर वाड्यावर दहा मान्सांच्या भाकऱ्या कोन थापनार? पावसाळ्यात गावाकडं आलो की बघू.’’ तिला फोन द्या, असं गुणमाला म्हणेपर्यंत आवाज तुटला. त्यानंतर लागला नाही.

ती आत आली. मोरीत सकाळची भांडी लख्ख घासून पालथी घातलेली होती. पिंप गाळलेल्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. अंगण झाडून सडा टाकलेला होता, आणि गोठ्यात शेणाचा कण नव्हता. हे सगळं कधी केलंस, असं तिनं भाग्यश्रीला विचारलं.

‘‘मी कुठं? ती पोर आली होती की, तुम्ही एसटीला गेलात आणि मागनं लगेच. मेंढरं सोडायच्या आधी सगळं करून गेली. तेव्हा त्यांचं उठायचं काही ठरलेलं नव्हतं. म्हणाली, संध्याकाळचं काम आत्ताच उरकते, म्हणजे मॅडमजवळ बसायला वेळ जास्त मिळेल.’’ भाग्यश्री पिंपावर झाकण ठेवत म्हणाली, ‘‘आणि तुम्हाला निरोप सांगितलाय. आजचा पैरा आधीच फेडलाय म्हणावं.’’

गुणमाला पडवीत जाऊन बसली. भाच्याचं पुस्तक तिथंच होतं, कालच्या पानावर खूण म्हणून मेंढीच्या लोकरीचा धागा घातलेला. बाहेर रानात पाणी चाललं होतं. आता फेडायचं तिच्याकडं होतं.